मेमरी नेमकी कुठे मुरत होती

आमच्या घरातील संगणक मंदावत चालला आहे, हे माझ्या लक्षात यायला बराच काळ लागला, कारण तो एका दिवसात मंदावला नव्हता. रिस्टार्ट केल्यानंतरचे दोन-तीन दिवस तो उत्तम चाले. पाचव्या-सहाव्या दिवशी ब्राउझरमध्ये एका टॅबवरून दुसऱ्यावर जाताना क्षणभर थांबावे लागे, आणि नवव्या-दहाव्या दिवशी साधी मजकुराची फाइल उघडतानाही डिस्कचा दिवा कितीतरी वेळ पेटलेला राही. अशा वेळी मी रिस्टार्ट करी, सगळे पूर्ववत होई आणि विषय माझ्या मनातून निघून जाई. असे जवळजवळ दोन महिने चालले. आज मागे वळून पाहता त्या दोन महिन्यांतली माझी खरी चूक हीच वाटते, कारण प्रत्येक रिस्टार्टबरोबर त्रास तात्पुरता मिटत होता आणि त्याचा पुरावाही पुसला जात होता.

या संगणकात ८ जीबी मेमरी आहे आणि विंडोज १० ही प्रणाली आहे. एके दिवशी रिस्टार्ट न करता मी सगळे प्रोग्रॅम बंद केले, दहा मिनिटे थांबले आणि टास्क मॅनेजर, म्हणजे काय चालू आहे आणि किती मेमरी वापरली जात आहे हे दाखवणारे विंडोजमधले साधन, उघडून पाहिले. वापरात असलेली मेमरी ५.५ जीबी दिसत होती. त्यानंतर रिस्टार्ट करून, तितकीच वाट पाहून, तोच आकडा पुन्हा पाहिला, तेव्हा तो २.७ जीबी होता. दोन्ही वेळी मी उघडलेला एकही प्रोग्रॅम चालू नव्हता. मग मधली २.८ जीबी मेमरी कोणी धरून ठेवली होती, या प्रश्नापासून माझा शोध सुरू झाला.

सुरुवातीला मी जे उपाय केले ते सगळे अंदाजाने केलेले होते. सर्वांत पहिला संशय ब्राउझरवर गेला, कारण मेमरीच्या बाबतीत बहुतेकांचा पहिला संशय त्याच्यावरच जातो. मी त्यातील एक्स्टेन्शन्स एकेक करून काढली आणि दोन दिवस दुसरा ब्राउझर वापरून पाहिला, पण वाढ थांबली नाही. खरे तर ब्राउझर पूर्ण बंद असतानाही आकडा चढलेला राहतो, हे मी आधीच पाहिले होते. बंद झालेल्या प्रोसेसची, म्हणजे चालवलेल्या प्रोग्रॅमची, स्वतःची मेमरी प्रणाली परत घेते, त्यामुळे ब्राउझरला दोषमुक्त करायला तेवढे निरीक्षण पुरेसे होते. मी त्याचा अर्थ लावला नव्हता इतकेच.

दुसरा उपाय म्हणजे मेमरी मोकळी करून देण्याचे आश्वासन देणारा एक छोटा प्रोग्रॅम. त्याचे बटण दाबले की आकडा झर्रकन खाली येई आणि पाच-दहा मिनिटांत पुन्हा चढे. असे प्रोग्रॅम नेमके काय करतात हे मी नंतर समजून घेतले. ते चालू असलेल्या प्रोसेसना त्यांची पाने, म्हणजे मेमरीचे ठरावीक मापाचे तुकडे, प्रत्यक्ष मेमरीतून बाहेर टाकायला लावतात. त्या प्रोसेसना ती पाने लगेच पुन्हा लागतात, म्हणून ती परत आणावी लागतात, आणि ज्या संगणकावर आधीच डिस्कची धावपळ चालली आहे तिथे ती आणखी वाढते. तिसरा उपाय पेज फाइल, म्हणजे मेमरीत न मावणारी पाने ठेवण्याची डिस्कवरची फाइल, मोठी करण्याचा होता. त्याने काहीच फरक पडला नाही, आणि तो का पडणे शक्य नव्हते हे पुढे येईलच. एकंदरीत दुखणे एकीकडे आणि उपचार दुसरीकडे, अशी अवस्था होती.

या टप्प्यावर एक गैरसमजही दूर करावा लागला. टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर ‘कॅश्ड’ या नावाने एक मोठा आकडा दिसतो आणि तो पाहून मेमरी तिथेच अडकली आहे असे वाटते. विंडोज व्हिस्टाच्या काळापासून ही प्रणाली मोकळी मेमरी रिकामी ठेवण्याऐवजी अलीकडे वाचलेल्या आणि पुन्हा लागण्याची शक्यता असलेल्या फाइली तिच्यात भरून ठेवण्यावर भर देत आली आहे. एखाद्या प्रोग्रॅमने मागणी करताच यातला मोठा भाग तत्काळ दिला जातो, म्हणून ‘उपलब्ध’ या आकड्यात तो धरलेलाच असतो. कॅश वाढणे हा आजार नाही. ‘वापरात’ हा आकडा वाढत जाणे आणि ‘उपलब्ध’ हा आकडा त्याच प्रमाणात घटत जाणे, हे मात्र लक्षण आहे, आणि माझ्याकडे तेच दिसत होते.

यानंतर मी अंदाज बांधणे थांबवले आणि नोंदी ठेवायला सुरुवात केली. एका वहीत रोज रात्री, सगळे प्रोग्रॅम बंद करून दहा मिनिटांनी, चार आकडे लिहायचे ठरवले: वापरातील मेमरी, कमिटेड मेमरी (प्रणालीने देण्याचे कबूल केलेली एकूण मेमरी), पेज्ड पूल आणि नॉन-पेज्ड पूल. शेवटच्या दोन शब्दांचा अर्थ तेव्हा मला नीट माहीत नव्हता. पानावर दिसत होते म्हणून लिहिले. परफॉर्मन्स मॉनिटर या विंडोजमधल्याच साधनाने हे आकडे ठरावीक अंतराने आपोआप फाइलमध्ये साठवता येतात आणि ज्यांची वाढ तासाभरात दिसण्याइतकी वेगवान आहे त्यांनी तेच करावे. माझी वाढ संथ होती, त्यामुळे वही पुरली. वहीचा एक फायदाही झाला. आकड्यांशेजारी मी त्या दिवशी घरात संगणकावर काय काय झाले तेही लिहीत गेले, आणि पुढे उत्तरापर्यंत पोहोचवणारा धागा त्या शेजारच्या शब्दांत सापडला.

तिसऱ्या दिवशी एक गोष्ट विचित्र वाटली. संगणक आम्ही रोज रात्री बंद करतो आणि सकाळी सुरू करतो. सकाळी सुरू केल्यावर मेमरी २.७ जीबीवर यायला हवी होती, पण ती आदल्या रात्रीच्याच आकड्याजवळ असे. रिस्टार्ट केल्यावर खाली येणारी मेमरी रात्रभर बंद ठेवूनही खाली येत नाही, हे मला काही केल्या समजेना. मग टास्क मॅनेजरच्या सीपीयूच्या पानावर ‘अप टाइम’ कडे लक्ष गेले. सकाळी नुकताच सुरू केलेला संगणक आपण तीन दिवस अखंड चालू असल्याचे सांगत होता.

याचे कारण फास्ट स्टार्टअप ही सोय. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ही सोय चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावर वापरकर्त्याचे प्रोग्रॅम खरोखर बंद होतात, परंतु प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल आणि त्याच्याबरोबर लोड झालेले ड्रायव्हर (उपकरणे चालवणारे छोटे प्रोग्रॅम), जसेच्या तसे डिस्कवर लिहून ठेवले जातात आणि सकाळी तिथून परत उचलले जातात. त्यामुळे संगणक लवकर सुरू होतो. ‘रिस्टार्ट’ केल्यावर मात्र असे होत नाही. तेव्हा सर्व काही नव्याने उभे राहते. शिफ्टची कळ दाबून धरून शट डाउन केले तरीही संगणक पूर्ण बंद होतो.

हे वाचल्यावर मला फार मोठा आनंद झाला, कारण एका साध्या निरीक्षणाने शोधाचे क्षेत्र निम्म्याहून कमी झाले होते. रात्री ज्या गोष्टी खरोखर बंद होतात त्यांपैकी एकीकडेही ही मेमरी असू शकत नव्हती. ब्राउझर, फोटोंचा प्रोग्रॅम, माझ्या लॉगिनबरोबर सुरू होणारे लहानमोठे प्रोग्रॅम, सगळे यादीतून गळले. जे रात्र ओलांडून जिवंत राहते त्यातच मेमरी मुरत होती, म्हणजे कर्नलमध्ये, एखाद्या ड्रायव्हरमध्ये किंवा फार तर एखाद्या पार्श्वभूमी सेवेत.

सेवांचा प्रश्न बेरजेने सुटला. नवव्या दिवशी टास्क मॅनेजरमधील सर्व प्रोसेसची मेमरी मी कागदावर मिळवली. ती साधारण १.७ जीबी भरली, आणि रिस्टार्टनंतर केलेली बेरीजही जवळपास तितकीच होती. सेवा या यादीत असतातच; म्हणजे त्याही वाढलेल्या नव्हत्या. वापरात ५.५ जीबी आणि प्रोसेसची बेरीज १.७ जीबी, हा फरक कोणाच्याच नावावर नव्हता. वहीतल्या चौथ्या स्तंभाकडे पाहिले आणि उत्तर तिथे आठ दिवसांपासून लिहिलेले दिसले. रिस्टार्टच्या दिवशी नॉन-पेज्ड पूल १८० एमबी होता आणि नवव्या दिवशी तो ३ जीबीच्या घरात पोहोचला होता. पेज्ड पूल जवळजवळ जागचा हललाही नव्हता.

नॉन-पेज्ड पूल म्हणजे कर्नल आणि ड्रायव्हर यांच्या कामासाठी असलेली अशी मेमरी, जी संगणक चालू असताना डिस्कवर कधीच हलवली जात नाही. ज्या क्षणी डिस्कवरून पान परत आणण्याची वाट पाहता येत नाही, उदाहरणार्थ एखाद्या उपकरणाने तातडीने लक्ष मागितले असता, त्या क्षणी लागणारी माहिती या पूलमध्ये ठेवावी लागते. म्हणूनच पेज फाइल मोठी करण्याचा माझा उपाय व्यर्थ होता, आणि मेमरी साफ करणारा प्रोग्रॅमही इथे हात लावू शकत नव्हता, कारण ही मेमरी कोणत्याही साध्या प्रोसेसच्या पानांत मोडत नाही. प्रोसेसच्या यादीत ती दिसत नाही याचेही कारण तेच. खात्रीसाठी मी मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स या साधनांच्या संचातील रॅममॅप हे साधन चालवून पाहिले. मेमरीचा कोणता भाग कशासाठी वापरला जात आहे हे ते रंगीत पट्ट्यांसह मांडते, आणि त्यातही नॉन-पेज्ड पूलचीच ओळ फुगलेली होती.

एखाद्या ड्रायव्हरने या पूलमधून मेमरी घ्यायची आणि काम झाल्यावर ती परत करायला विसरायचे, यालाच मेमरीची गळती म्हणतात. गळती कुठे आहे हे शोधण्यासाठी पूलमॉन नावाचे साधन आहे. ते मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ड्रायव्हर किटबरोबर मिळते आणि कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून चालवावे लागते. ते दिसायला अगदी जुनाट आहे, काळ्या खिडकीत आकड्यांचे स्तंभ फक्त, परंतु यापेक्षा उपयोगी साधन मी या शोधात वापरले नाही. पूलमधून मेमरी घेताना ड्रायव्हर तिला चार अक्षरांची एक खूण लावतो, ज्याला टॅग म्हणतात. पूलमॉन प्रत्येक खुणेपुढे किती वेळा मेमरी घेतली, किती वेळा परत केली, दोन्हींतला फरक किती, आणि त्या फरकाचे एकूण बाइट किती, हे दाखवते. ‘पी’ कळीने फक्त नॉन-पेज्ड खुणा दाखवायला सांगता येते आणि ‘बी’ कळीने बाइटनुसार क्रम लावता येतो.

क्रम लावल्यावर पहिल्याच ओळीत एक खूण आली, जिच्या नावावर २.८ जीबी मेमरी होती. दुसऱ्या क्रमांकाची खूण काही दशक एमबींची होती. पहिल्या ओळीतील घेतलेल्या आणि परत केलेल्या वेळांचा फरक १८ लाखांहून अधिक होता, आणि प्रत्येक वेळी घेतलेली मेमरी साधारण १६०० बाइट होती.

त्या १६०० या आकड्याकडे मी बराच वेळ पाहत राहिले. घरगुती नेटवर्कवर इथरनेटने, म्हणजे नेटवर्कच्या केबलवरून, माहितीची जी पॅकेटे (छोटे गठ्ठे) जातात त्यांत साधारणपणे जास्तीत जास्त १५०० बाइटचा मजकूर असतो. एक पॅकेट आणि त्याची थोडीशी हिशेबाची माहिती ठेवायला १६०० बाइट हे माप अगदी सहज जुळते. नुसत्या मापावरून आरोप ठेवणे योग्य नव्हते, पण नेटवर्कचा विचार मनात आल्यावर मी वही पुन्हा उघडली. नऊ दिवसांपैकी सात दिवस पूल जवळजवळ ४०० एमबींनी वाढला होता आणि दोन दिवस तो हललाच नव्हता. त्या दोन्ही दिवसांपुढे माझ्याच अक्षरात लिहिले होते, ‘आज बॅकअप नाही’. घरातील इतर दोन संगणकांचा बॅकअप रोज दुपारी या संगणकावर येतो, दोन्ही मिळून साधारण २० जीबी, आणि त्या दोन दिवशी ते दोन्ही संगणक सुरूच झाले नव्हते.

आता ही खूण कोणाची हे शोधायचे होते. विंडोजच्या स्वतःच्या घटकांच्या खुणा पूलटॅग नावाच्या एका मजकूर फाइलमध्ये दिलेल्या असतात. माझी खूण त्यात नव्हती. मग विंडोजच्या सिस्टिम३२ या फोल्डरात जो ड्रायव्हर्स नावाचा उपफोल्डर असतो, त्यातील सर्व ड्रायव्हर फाइलींमध्ये ती चार अक्षरे शोधण्याची आज्ञा फाइंडएसटीआर या कमांडने दिली. हा शोध नेहमीच निर्णायक ठरतो असे नाही, कारण तीच चार अक्षरे योगायोगाने दुसऱ्या एखाद्या फाइलमध्येही असू शकतात. माझ्या बाबतीत दोन नावे आली. त्यांतले एक प्रिंटरशी संबंधित होते आणि प्रिंटर कित्येक आठवड्यांत जोडलेलाच नव्हता. दुसरी फाइल नेटवर्कची होती. मदरबोर्डसोबत मिळालेल्या संचातून बसलेल्या एका जादा प्रोग्रॅमची ती फाइल होती. कोणत्या प्रोग्रॅमला इंटरनेटवर अग्रक्रम द्यायचा हे ठरवण्यासाठी तो प्रोग्रॅम नेटवर्क कार्डाच्या वर स्वतःचा एक गाळणीसारखा ड्रायव्हर बसवतो आणि येणारे-जाणारे प्रत्येक पॅकेट त्यातून जाते. मी तो प्रोग्रॅम कधी उघडलाही नव्हता. फाइलीची तारीख पाहिली तर ती दोन महिन्यांपूर्वीची निघाली. म्हणजे तो आपोआप अद्ययावत झाला होता आणि माझा त्रास त्याच सुमारास सुरू झाला होता.

इथे थेट काढून टाकण्याचा मोह मी आवरला, कारण मला आता केवळ त्रास घालवायचा नव्हता, कारण सिद्ध करायचे होते. प्रथम रिस्टार्ट केले आणि नॉन-पेज्ड पूल १८० एमबी असल्याची खात्री करून घेतली. मग दुसऱ्या संगणकावरून १० जीबीची एक फाइल इकडे कॉपी केली. पूल ३८० एमबीवर गेला. हिशेब केला तर सुमारे ५५ पॅकेटांमागे एक पॅकेट हा ड्रायव्हर परत करत नव्हता. त्यानंतर नेटवर्क कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये जी घटकांची यादी असते, तिच्यातील या गाळणीपुढची टिकली काढली आणि तीच फाइल पुन्हा कॉपी केली. पूल ३८० एमबीवरच राहिला. आधी सांडलेली मेमरी परत आली नाही, कारण ती परत करण्याची जबाबदारी ज्याची होती तो ती विसरलेला होता. पण नवी सांडली नाही. टिकली पुन्हा लावून तिसऱ्यांदा कॉपी केली, तेव्हा आकडा ५८० एमबी झाला. रोज २० जीबी येतात तेव्हा ४०० एमबी वाढतात आणि १० जीबी आणले तेव्हा २०० एमबी वाढले, हे प्रमाणही नेमके जुळत होते. यानंतर मला शंका उरली नाही.

प्रोग्रॅम काढून टाकणे मात्र वाटले तितके सरळ गेले नाही. ॲप्सच्या यादीतून तो अनइन्स्टॉल केल्यावर त्याची खिडकी, चिन्ह आणि सेवा गेली, पण रिस्टार्ट केल्यावरही गाळणीचा ड्रायव्हर जागच्या जागी होता आणि पूलमॉनमध्ये तीच खूण दिसत होती. शेवटी नेटवर्क कार्डाच्या त्याच प्रॉपर्टीजमध्ये तो घटक निवडून तिथल्या अनइन्स्टॉल या बटणाने काढला, आणि पीएनपीयुटिल या कमांडने प्रणालीच्या ड्रायव्हर साठ्यात त्याची प्रत उरलेली आहे का ते पाहून तीही काढली. हे करताना यादीतील दुसऱ्या एखाद्या नेटवर्क ड्रायव्हरला चुकून हात लागला तर संगणकाचे नेटवर्कच जाऊ शकते. म्हणून मी आधी सिस्टिम रिस्टोअर पॉइंट, म्हणजे प्रणाली पूर्वस्थितीत नेण्यासाठीची नोंद, तयार केला होता आणि नेटवर्क कार्डाचा मूळ ड्रायव्हर एका पेनड्राइव्हवर उतरवून ठेवला होता. दोन्हींची गरज पडली नाही, पण त्याशिवाय हे काम करण्याची माझी तयारी नव्हती.

त्यानंतर मी शोधाच्या काळात केलेले बदल एकेक करून मागे घेतले. मेमरी साफ करणारा प्रोग्रॅम काढला, पेज फाइलचा आकार ठरवण्याचे काम पुन्हा विंडोजकडे सोपवले, आणि विनाकारण काढलेली ब्राउझरची एक्स्टेन्शन्स परत बसवली. फास्ट स्टार्टअप चालूच ठेवले. ते बंद करण्याचा सल्ला मला मिळाला होता, पण त्याने गळती फक्त रोज रात्री पुसली गेली असती आणि एवढा स्पष्ट पुरावा माझ्या हाती कधीच लागला नसता. वाढीव मेमरी विकत घेण्याचा विचारही मनात घोळत होता. तीही या ड्रायव्हरने काही आठवड्यांत भरून टाकली असती.

वहीतील नोंदी मी आणखी तीन आठवडे चालू ठेवल्या. बॅकअप रोज येत राहिले, संगणक रोज रात्री बंद आणि सकाळी सुरू होत राहिला. शेवटच्या नोंदीत अप टाइम २१ दिवस, वापरातील मेमरी २.७ जीबी आणि नॉन-पेज्ड पूल १८४ एमबी असे लिहिले आहे.